तबकडी टिकली, यंत्र थकले

१/
सांगलीहून तासगावकडे निघाले की बुधगावच्या अलीकडे माधवनगर लागते. पेठ, कापडगिरणी आणि यंत्रमाग ही या गावाची जुनी ओळख. यंत्राचे अप्रूप वाटावे असे हे गाव नव्हे. तरीही घरात येणाऱ्या एका यंत्राने माधवनगरसारख्या गावांतील ग्राहकाला शंभर वर्षे कोड्यात टाकले आहे. ते यंत्र म्हणजे तबकडी वाजवणारी पेटी. ती विकत घेताना ग्राहकाचा पहिला प्रश्न पिढ्यानपिढ्या तोच राहिला : "किती वर्षे चालेल?"

२/
या प्रश्नाला तीन काळांत तीन वेगळी उत्तरे मिळाली. पहिला काळ चावीच्या ग्रामोफोनचा, दुसरा विजेवरच्या रेकॉर्ड प्लेयरचा, तिसरा लेझरवर चालणाऱ्या व्हीसीडी आणि डीव्हीडी प्लेयरचा. तिन्ही काळांत तबकडी फिरत राहिली. पण यंत्र बिघडले तर जबाबदार कोण आणि ते दुरुस्त कोण करणार, याचे उत्तर प्रत्येक वेळी बदलले. हा इतिहास त्या बदलाचा आहे.

३/
एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीवर आवाज कोरण्याचे पेटंट १८८७ मध्ये मागितले. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. मराठी रंगभूमीचे दुर्दैव असे, की भाऊराव कोल्हटकर त्याआधी, १९०१ च्या फेब्रुवारीतच गेले होते. अवघ्या एकवीस महिन्यांचा तो उशीर. भाऊरावांचा आवाज कसा होता, हे पुढच्या पिढ्यांना केवळ वर्णनांवरून ताडावे लागले. तबकडीचे मोल काय असते, हे तिच्या अभावातून असे कळते.

४/
आरंभी येथे मुद्रित झालेला आवाज जहाजाने जर्मनीतील हानोव्हरला जाई, तेथे तबकड्या छापल्या जात आणि पुन्हा समुद्रमार्गे इकडे येत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना सुरू झाला आणि हा फेरा संपला. मौज अशी, की तबकडीचा मुख्य कच्चा माल, म्हणजे लाख, हिंदुस्थानच्याच जंगलांतून जगभर जात होता. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून ही काळी चकती घडवली जाई. ती कडक होती आणि हातून पडली की काचेसारखी फुटे.

५/
ग्रामोफोनची पेटी उघडली तर आत समजण्यासारख्याच गोष्टी दिसत. पोलादी पट्टीची गुंडाळलेली कमान, ती गुंडाळण्यासाठी बाहेरून चावी, वेग आवरणारा गव्हर्नर, आणि वर अभ्रकाचा किंवा धातूचा पातळ पडदा बसवलेला साउंड बॉक्स. सुई खाचेतून थरथरत जाई, पडदा हाले आणि कर्ण्यातून आवाज निघे. विजेचा संबंध नव्हता. घड्याळाची रचना ठाऊक असलेल्या माणसाला हे यंत्र परके वाटण्याचे कारण नव्हते.

६/
तरी ते वारंवार बिघडत असे. कमान तुटे, ग्रीस वाळून घट्ट होई, साउंड बॉक्सच्या रबरी कड्या कडक होऊन आवाज खरखरे. परंतु प्रत्येक दुखण्यावर हाताने करता येईल असा उपाय होता. कमान टोकाजवळ तुटली असेल, तर टोक तापवून नरम करायचे, नवे भोक पाडायचे आणि पुन्हा अडकवायचे. कमान थोडी आखूड होई, चावी थोडी लवकर संपे. पण यंत्र चालू राही. बिघाड वारंवार होत असूनही ग्राहक यंत्राला विटला नाही, त्याचे कारण हेच.

७/
खरा वाद सुईवरून होता. तबकडीतील दगडाची पूड मुद्दामच मिसळलेली असे. तिच्यावर घासून पोलादी सुईचे टोक खाचेच्या आकाराचे व्हावे, ही कल्पना. त्यामुळे एक बाजू वाजवून झाली की सुई टाकून द्यावी, असा कंपन्यांचा स्पष्ट सल्ला असे. सुयांच्या छोट्या डब्या मिळत. दोनशे सुयांची डबी सर्रास आढळे. एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. काटकसरीच्या संसारात एवढ्यासाठी सुई फेकून देणे जिवावर येई.

८/
मग तीच सुई दहा वेळा वापरली जाई. झिजलेल्या सुईची कड खाच कुरतडे, काळी तबकडी राखाडी दिसू लागे आणि गाण्याऐवजी खरखर ऐकू येई. ग्राहक म्हणे तबकडी खराब. विक्रेता म्हणे सुई बदलली नाही. यंत्राचा दोष, मालाचा दोष की वापरणाऱ्याचा दोष, हा ग्राहकजीवनातील सनातन तंटा घरगुती तबकडीबरोबर पहिल्या दिवसापासून होता. फरक एवढाच, की नवी सुई लावून पाहिली की निवाडा घरच्या घरी होत असे.

९/
माधवनगरहून काही मैलांवर मिरज आहे, आणि तेथे या यंत्राच्या आणखी एका दोषाला वेगळाच अर्थ होता. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेला आपले घर मानले. त्यांच्या तबकड्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाल्या आणि १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने काढलेल्या तबकड्यांनी त्यांचा सूर घरोघर नेला. १९३७ मध्ये ते गेले; मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मृतीचा संगीतोत्सव तेथे भरतो.

१०/
खाँसाहेबांचे गाणे म्हणजे सूक्ष्म सुराचे गाणे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर संशोधन करून १९१० मध्ये इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले; ब्रिटिश न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनीही त्या कामात रस घेतला. श्रुतींच्या या मोजमापासाठी खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला गेला. म्हणजे सुराचा केसभर फरक मोजू पाहणारी माणसे याच मुलुखात होती, आणि त्याच मुलुखात तो सूर चावीच्या यंत्रावर ऐकला जात होता.

११/
आता हिशेब पाहावा. तबकडीने मिनिटाला ७८ फेरे घ्यावेत असे ठरले होते. कमान उतरत आली किंवा तेल वाळले, की फेरे घटतात आणि त्या प्रमाणात सूर उतरतो. ७८ ऐवजी ७४ फेरे पडले तर गाणे जवळजवळ एका अर्धस्वराने खाली येते. प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१:८० मानले, तर मिनिटाला एकच फेरा कमी पडला तरी सूर जवळपास एका श्रुतीने ढळतो. त्यातून सुरुवातीच्या अनेक तबकड्या नेमक्या ७८ वेगाने मुद्रितही झालेल्या नव्हत्या. यंत्र 'चालते' म्हणजे ते 'खरे बोलते' असे नव्हे, हे जाणत्या ऐकणाऱ्याला तेव्हाच कळून चुकले असणार.

१२/
१९४८ मध्ये अमेरिकेत मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आली. तिची खाच बारीक, द्रव्य प्लास्टिकचे आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटांचे गाणे. पाश्चात्त्य देशांत जुनी लाखेची तबकडी १९५० च्या दशकातच मागे पडली. भारतात मात्र ती १९६० च्या दशकातही निघत राहिली. बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर येथे छापली गेली, आणि जगभरचे संग्राहक आज ती शोधत फिरतात. कारण साधे होते : असंख्य गावांत वीज नव्हती आणि चावीच्या ग्रामोफोनला विजेची गरज नव्हती.

१३/
वीज आली आणि यंत्राचे दुखणेही बदलले. रेकॉर्ड प्लेयरमध्ये कमान गेली, मोटार आली. पोलादी सुईच्या जागी नीलमाचे किंवा हिऱ्याचे टोक आले. नीलम काही दशक तास टिके, हिरा काहीशे तास. मोटारीचा वेग तबकडीच्या थाळीपर्यंत पोहोचवणारे रबरी चाक किंवा पट्टा कडक झाला, की गाणे डगमगू लागे. मराठी बोलण्यात 'याची पिन अडकली' हा वाक्प्रचार याच यंत्राने आणला. खाच ओलांडून सुई पुन्हा त्याच फेऱ्यात पडली की एकच ओळ फिरून फिरून ऐकू येई; तेच ते बोलणाऱ्या माणसाला लोकांनी ती उपमा दिली.

१४/
परवाना-कोट्याच्या त्या दशकांत वस्तू महाग होती, उत्पादक मोजके होते, आणि नवे यंत्र घेणे हा घरातील मोठा निर्णय असे. म्हणून दुरुस्ती हा अपवाद न राहता नियम झाला. रेडिओ दुरुस्त करणारा मिस्त्रीच रेकॉर्ड प्लेयर पाही. त्याच्याकडे डाग देण्याची कैची नि मीटर, आणि जुन्या यंत्रांतून काढून ठेवलेल्या भागांचा डबा असे. कंपनीची हमी कागदावर असली, तरी प्रत्यक्षातली हमी या मिस्त्रीची होती.

१५/
कागदावरच्या हमीला वजन आणण्याचे कामही महाराष्ट्रात सुरू झाले होते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आले. वस्तूतील 'दोष' म्हणजे काय, हे कायद्याने सांगितले. विक्रेत्याच्या मर्जीबाहेर दाद मागण्याची जागा सामान्य माणसाला मिळाली. अट एकच : हातात पावती हवी.

१६/
याच सुमारास तबकडीचे तिसरे रूप आकार घेत होते. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क आली. सुई गेली, तिच्या जागी लेझरचा किरण आला. काहीही घासत नाही, म्हणून काहीही झिजत नाही, असा तिचा दावा. १९९३ मध्ये त्याच आकाराच्या चकतीवर चित्रपट मावू लागला आणि व्हिडिओ सीडीचे प्रमाण ठरले. अमेरिका-युरोपने तिची फारशी दखल घेतली नाही. चीन आणि दक्षिण आशियात मात्र तिने घरे व्यापली. एका चकतीवर ७४ मिनिटे, म्हणून मराठी चित्रपटाला बहुधा दोन, आणि लांबलचक हिंदी चित्रपटाला तीन चकत्या लागत.

१७/
येथे ग्राहकाचा अनुभव उलटा फिरला. यंत्र स्वस्त झाले, चकत्या त्याहून स्वस्त झाल्या. मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा चित्रपटगृहाच्या तिकिटाच्या किमतीत चित्रपट घरी येऊ लागला. पण पडद्यावर मध्येच चौकटी फुटत, आवाज तुटे, आणि शेवटी 'नो डिस्क' ही दोन शब्दांची पाटी उमटे. या पाटीवरून कारण समजत नसे. चकती खराब, भिंग धुळकट, लेझर क्षीण की आतील दातेरी चाक निखळलेले, हे यंत्र सांगत नव्हते.

१८/
कारणे यंत्राच्या रचनेतच होती. व्हीसीडीवर चित्राच्या माहितीला संगणकाच्या सीडीइतके चूक-दुरुस्तीचे कवच नसते, म्हणून ओरखड्याचा परिणाम चटकन दिसतो. घरी भरलेली चकती छापील चकतीपेक्षा कमी प्रकाश परत पाठवते. जुन्या यंत्राचा लेझर थकला, की प्रथम तीच वाचणे थांबते. चमकती बाजू सर्वजण जपत, मात्र सीडीचा माहितीचा थर असतो नावाच्या बाजूखाली, पातळ लाखटाच्या आड. त्या बाजूवर बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव हे चकतीला झालेले मोठे दुखणे असे. गोल गोल पुसणेही चुकीचे. मधून कडेकडे सरळ पुसावे लागते.

१९/
पेटीबाहेरची कारणे त्याहून मोठी होती. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने विजेचा तीव्र तुटवडा भोगला. भारनियमनाचे वेळापत्रक हाच दिवसाचा क्रम झाला. वीज जाताना आणि विशेषतः परत येताना दाब वरखाली होई. कृषिपंप आणि यंत्रमाग ज्या भागात मोठ्या संख्येने आहेत, तेथे संध्याकाळी दाब घसरणे ही नित्याची बाब. स्वस्त प्लेयरच्या पुरवठा-पाटीतील कपॅसिटर अशा धक्क्यांनी फुगत. यंत्र नादुरुस्त निघाले की ग्राहक कंपनीला बोल लावी. कंपनीला वीज दिसे. वीजपुरवठा करणाऱ्याला तर हा तंटा ठाऊकच नसे.

२०/
ग्रामोफोनच्या सुईचा जुना वाद येथे नव्या रूपात परतला, पण या वेळी निवाड्याचे साधन ग्राहकाच्या हाती नव्हते. चकतीचा विक्रेता यंत्राकडे बोट दाखवी, यंत्राचा विक्रेता चकतीकडे. बनावट चकत्यांचा सुळसुळाट असल्याने दोघांचेही म्हणणे खोटे ठरवता येत नसे. मिस्त्री भिंग पुसून देई. नाहीच जमले तर लेझरशेजारचा बारीक स्क्रू फिरवून प्रवाह वाढवी. यंत्र काही महिने उत्साहाने चाले आणि मग लेझर कायमचा विझे. ते त्या थकलेल्या यंत्राचे उसने आयुष्य होते.

२१/
आणि कायदा? तो होता, पण सुट्या भागांची जुळणी करून विकलेल्या, अनोळखी नावाच्या यंत्राला पावती क्वचितच मिळे. ज्याच्यावर दावा करायचा, त्या उत्पादकाचा पत्ता खोक्यावर नसे. हजार-दीड हजाराच्या वस्तूसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालणे परवडणारे नव्हते. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर गेला की ग्राहक जुने यंत्र माळ्यावर टाकी. चावीच्या काळी बिघाड ही दुरुस्तीची सुरुवात होती. लेझरच्या काळी बिघाड म्हणजे यंत्राची अखेर झाली.

२२/
२००५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीच्या घराघरांत पाणी शिरले. पुरानंतरच्या साफसफाईत तबकडी आणि यंत्र यांच्यातला फरक उघड होतो. छापील चकती स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून बहुधा पुन्हा चालते. लाखेची जुनी तबकडीही चिखल हलक्या हाताने काढला तर वाजू शकते. मात्र गाळात बुडालेला प्लेयर सहसा परत उभा राहत नाही. माहिती टिकते आणि ती वाचणारे साधन मरते.

२३/
हा फरक केवळ पूरग्रस्तांपुरता राहिला नाही. पेन ड्राइव्ह आले, मग स्मार्टफोन आणि २०१६ नंतर स्वस्त डेटा आला. प्लेयर दुकानांतून नाहीसे झाले. देशातील कोट्यवधी चकत्या बनवणारी मोझर बेअर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला. चित्रपटांचे फारसे बिघडले नाही. ते अन्यत्र मिळतात. प्रश्न आहे तो दुसरीकडे कुठेही नसलेल्या चकत्यांचा.

२४/
वीसएक वर्षांपूर्वी लग्न झालेल्या बहुतेक घरांत कपाटाच्या खणात मार्करने तारीख लिहिलेली एखादी चकती असते. लग्न, मुंज, शाळेचे स्नेहसंमेलन, गावच्या यात्रेतील भजन. त्यांत आजी हसताना दिसते, आजोबा मांडवात कुणाला तरी हाक मारताना ऐकू येतात. ही चकती छापील नाही. तिच्यातील माहिती रंगद्रव्याच्या थरावर भाजलेली आहे आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो थर हळूहळू विरतो. छापील चकती कदाचित शतकभर थांबेल. ही थांबणार नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या वेळी यंत्र उशिरा आले. या चकत्यांच्या बाबतीत यंत्र आधीच निघून गेले आहे.

२५/
जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. सुटे भाग मिळावेत, दुरुस्तीची माहिती खुली असावी, बाहेरच्या मिस्त्रीकडे गेल्याने हमी बुडू नये, असा या मागणीचा आशय आहे. चावीच्या ग्रामोफोनच्या मालकाला यांपैकी बरेच काही न मागता मिळत होते. शंभर वर्षांनी तेच कायद्याच्या भाषेत मागावे लागत आहे.

२६/
"किती वर्षे चालेल?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर म्हणून केवळ यंत्रात सापडत नाही. गावात कमान जोडणारा माणूस आहे का, वीज स्थिर आहे का, सुटा भाग मिळतो का, पावतीवर पत्ता आहे का, यांवर ते ठरत आले आहे. तोवर चालू स्थितीतील प्लेयर ज्यांच्या घरी अजून आहे, त्यांच्या हाती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणींची किल्ली आहे. खणातील चकती वाचता येते तोपर्यंत तिची प्रत करून ठेवणे हे लहानसे काम आहे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते लांबवू नये.

(समाप्त)